एक चाकू (चांगला)

मराठी मध्यमवर्गीय माणसाचा आणि शस्त्राचा संबंध वर्षातून एकदाच येतो, तो खंडेनवमीला. त्या दिवशी शस्त्रांची पूजा करायची असते आणि नेमकी शस्त्रंच घरात नसतात. आमचे आजोबा पूजेला अडकित्ता ठेवायचे. वडील पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि सायकलचा पाना ठेवायचे. मी गेली काही वर्षं लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो आणि ते बटणांच्या फटीत जाऊ नये म्हणून श्वास रोखून धरतो. तीन पिढ्यांत घराण्याची धार कशी उतरत गेली हे सांगायला वेगळ्या इतिहासकाराची गरज नाही. घरातलं एकमेव खरं शस्त्र म्हणजे विळी. पण ती पूजेला कधीच मिळत नाही, कारण ऐन मुहूर्ताच्या वेळी तिच्यावर नैवेद्याची भाजी चिरणं चालू असतं.

अशा या नि:शस्त्र घरात चाकू विकत घेण्याचा प्रसंग आला. चाकू म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी नव्हे. सफरचंदाची साल काढायला घेतली तर अर्धं सफरचंद सालीबरोबर काढणारी सुरी आमच्याकडे आहे. हा चाकू डोंगरात न्यायचा होता. आमची कन्या कॉलेजात गेल्यापासून एका डोंगर चढणाऱ्या मंडळात जायला लागली आहे. आमच्या वेळी कॉलेजातली मुलं पर्वती चढायची आणि तेवढ्यावर आठवडाभर पाय दुखतात म्हणून सांगायची. हल्लीची मुलं शुक्रवारी रात्री निघतात, रविवारी रात्री चिखलासकट परत येतात आणि सोमवारी पहिल्या तासाला हजर असतात. तर त्या मंडळानं सामानाची यादी दिली होती. विजेरी, शिट्टी, दोन बाटल्या पाणी, पावसाळी जाकीट, ताट-वाटी, दोरी, प्रथमोपचाराची पिशवी आणि सर्वांत शेवटी, 'एक चाकू (चांगला)'.

जगात कंसातल्या शब्दाइतका महाग शब्द नाही. 'भाड्याने जागा हवी' आणि 'भाड्याने जागा हवी (चांगली)' या दोन जाहिरातींत दरमहा काही हजारांचा फरक असतो. यादीत नुसता 'एक चाकू' असता तर कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून तीस रुपयांत काम झालं असतं. कंसानं घात केला.

आमच्या घरी अर्थखातं हिच्याकडे आहे. मी मागणी मांडली.

"चाकूला किती लागतील?"

"चांगला घ्यायचा तर हजार-बाराशे तरी."

"चाकूला? अहो, माझी विळी आईनं दिलेली. तीस वर्षं झाली, या घरातला सगळा स्वयंपाक तिच्यावर झालाय. तिला हजार रुपये पडले नव्हते. सहाशे देते. त्यात बसवा."

सहाशे मंजूर झाले. आता सहाशे रुपयांत 'चांगला' बसवायचा होता.

चाकू घ्यायचा आहे ही बातमी नातेवाइकांत पसरली. माझी आत्या म्हणाली, "घ्याच. मुलीच्या जातीनं जवळ काहीतरी ठेवावंच. दिवस चांगले नाहीत." मेहुण्यानं तर, किती लांब पातं असलं म्हणजे समोरचा माणूस घाबरतो, याचं मापच हातानं दाखवलं. मी त्यांना काही बोललो नाही. कारण खरं सांगायचं तर ही काळजी माझ्याही मनात माजघरातल्या पाहुण्यासारखी येऊन बसली होती. तिला चहा दिला नव्हता एवढंच. मुलगी रानात जाते, रात्री गुहेत नाहीतर देवळात झोपते, आणि बाप इथे पंख्याखाली कूस बदलत असतो. त्या बापाला वाटतं, आपण नाही तर निदान एखादी धारदार वस्तू तरी तिच्याबरोबर असावी.

कन्येनं हा विषय दोन वाक्यांत संपवला. "बाबा, चाकू कांदा कापायला आणि दोरी कापायला असतो. तसं काही झालं तर शिट्टी वाजवायची, घोळक्यात राहायचं आणि पळायचं. कारण आपण काढलेला चाकू समोरच्याच्या हातात जायला वेळ लागत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय." मी मान डोलावली. काळजी गेली नाही, पण चाकूच्या खात्यातून ती वजा झाली आणि खरेदी सोपी झाली. चाकू घेणाऱ्यानं आधी हे एकदा स्वत:शी ठरवावं असं माझं मत आहे. भीतीसाठी घेतलेला चाकू नेहमी गरजेपेक्षा मोठा, महाग आणि निरुपयोगी निघतो.

आता सल्लागार हवा. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना पाणी का आलं नाही हे विचारलं तरी ते नकाशा काढून सांगतात. त्यांनी माझा प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाले, "चाकूची तीन कामं. पहिलं कापणं, दुसरं कापणं आणि तिसरंही कापणंच. डबा उचकटणं, खुंटी ठोकणं, स्क्रू पिळणं यासाठी देवानं दुसरी अवजारं दिलीत. जा, बघून या. घेऊ नका. बघून या."

मी बघायला गेलो. डोंगरी सामानाच्या एका झगमगीत दुकानात काचेच्या कपाटात चाकू मांडून ठेवले होते, खाली मखमल, वर दिवा. एवढा प्रकाश आमच्या लग्नात स्टेजवर नव्हता. विक्रेत्या मुलानं पहिल्यांदा जो काढला त्याला चाकू म्हणावं की लघुउद्योग, हे मला कळेना. हातभर लांब, काळा कुळकुळीत, पाठीला करवतीचे दात. मुठीच्या टोकाला झाकण, झाकणात होकायंत्र, आणि पोकळ मुठीत काड्या, सुई-दोरा, मासे धरायचा गळ. १९८२ साली 'फर्स्ट ब्लड' नावाचा अमेरिकन सिनेमा आला, त्यातल्या नायकाकडे असा चाकू होता, आणि तेव्हापासून ही फॅशन जगभर पसरली. मी विचारलं, "गळ कशाला?" तो म्हणाला, "सर, सर्व्हायव्हल!" माझ्या डोळ्यांसमोर राजगडावरच्या पद्मावती तळ्याकाठी गळ टाकून बसलेली माझी मुलगी आणि तिच्याभोवती जमलेली गर्दी उभी राहिली.

सुभेदारांना हे वर्णन सांगितलं तेव्हा ते हसले. "मूठ पोकळ ना? मग पातं मुठीत किती गेलंय? बोटभर. जोर दिला की पातं एकीकडे आणि मूठ तुमच्या हातात. स्वस्तातला असला चाकू म्हणजे फक्त होकायंत्र. आणि तेही उत्तर दाखवेल याची खात्री नाही." मग त्यांनी नियम सांगितला. न मिटणाऱ्या चाकूचं पातं मुठीच्या आतून शेवटपर्यंत गेलेलं असावं, दोन्ही बाजूंनी लाकूड आणि आरपार रिव्हेट. मुठीच्या कडेनं पोलादाची पट्टी दिसली म्हणजे चाकू अखंड. माणसाचा कणा जसा मानेशी संपून चालत नाही, तसंच हे.

त्याच कपाटात परदेशी चाकूही होते. एक 'मोरा'. मोरा म्हटल्यावर मला उरणचं मोरा बंदर आठवलं; पण हे मोरा स्वीडनमधलं गाव निघालं. तिथे पिढ्यान् पिढ्या चाकू बनवतात. साधी मूठ, प्लॅस्टिकचं म्यान, वीतभरसुद्धा नाही असं पातं. तिकडचे सुतार आणि वायरमन तो कमरेला लावून कामाला जातात. दुसरा 'ओपिनेल', फ्रान्सच्या सॅव्हॉय या डोंगराळ भागातला. जोसेफ ओपिनेल नावाच्या कारागिरानं १८९० साली तो काढला, शेतकऱ्यांच्या खिशासाठी. बीच लाकडाची गोल मूठ आणि त्यात मिटणारं पातं. १९५५ साली त्याला फिरणारी कडी बसवली, ती फिरवली की उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही. आणि तिसरा तो प्रसिद्ध लाल स्विस चाकू. कार्ल एल्सनर या गृहस्थानं १८८४ साली कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैनिकांना चाकू पुरवायला सुरुवात केली. १९०९ साली त्याची आई वारली. तिचं नाव व्हिक्टोरिया, म्हणून त्यानं मालाला तेच नाव दिलं. पुढे १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' त्याला जोडलं आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' झालं. आईच्या नावाचा चाकू! ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा ही म्हणाली, "बघा. आणि तुम्ही माझ्या आईच्या विळीला हसता."

गंमत पाहा. हे तिन्ही चाकू आपापल्या देशात गरिबाचे. शेतकऱ्याचा, सुताराचा, साध्या शिपायाचा. महाग असते तर त्या लोकांनी घेतलेच नसते. पण सातासमुद्रापलीकडून येताना त्यांच्या अंगावर जकात बसते, भाडं बसतं, मखमल आणि दिवा बसतो आणि पुण्यात पोचेपर्यंत ते सरदार होतात. स्वीडनच्या सुतारानं आमच्या दुकानातली किंमत पाहिली तर तो रंधा टाकून चाकू विकायला बसेल. मी काचेला नमस्कार केला आणि बाहेर पडलो. पण डोक्यात एक विचार पक्का झाला. हे नावाजलेले चाकू चांगले आहेत ते महाग आहेत म्हणून नव्हे. रोज काम करणाऱ्या माणसाला परवडायला हवेत, हीच त्यांची पहिली अट होती. मग आपल्याकडेही रोज काम करणारी माणसं आहेतच की! ती कुठून घेतात?

माझा मामा कोकणात. सकाळी कमरेच्या आकडीला कोयती अडकवल्याशिवाय तो अंगण ओलांडत नाही. मामीनं एकदा सांगितलं होतं, मंगळसूत्राशिवाय मी आणि कोयतीशिवाय हे, दोघं घराबाहेर पडत नाही. त्या कोयतीनं मामा नारळ सोलतो, कुंपण तोडतो, पेन्सिलीला टोकसुद्धा काढतो. मी त्याला फोन केला. "मामा, कुठल्या कंपनीची?" मामा म्हणाला, "कंपनी कसली? लोहाराची. ट्रकच्या पाट्याची."

ट्रकच्या चाकावर एकावर एक पट्ट्या बसवलेल्या कमानी असतात ना, ते पाटे. खड्ड्याखड्ड्यांतून वर्षानुवर्षं वाकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं, हा त्या पोलादाचा धर्म. आपल्या रस्त्यांवर जे पोलाद टिकलं त्याला कांद्याचं काय भय? मोडक्या ट्रकचा पाटा लोहार तापवतो, ठोकतो, आकार देतो आणि मग लालबुंद असताना बुडवून त्याला 'पाणी पाजतो'. सगळी विद्या या पाण्यात. कमी पडलं तर पातं मऊ राहतं आणि धार वाकते. जास्त झालं तर कडक होतं, पण काचेसारखे टवके उडतात. म्हणून पाणी पाजल्यावर पुन्हा थोडं शेकून त्याचा ताठा उतरवतात. आमच्याकडे नवीन जावयाच्या बाबतीत हीच पद्धत आहे.

या पोलादाची एक खोड मात्र आहे. ते गंजतं. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम भरपूर असतं, म्हणून ते पावसात निर्धास्त असतं. पण त्यातले अगदी स्वस्त प्रकार मऊ असतात, दोन टोमॅटो कापले की तिसऱ्याला नुसतं दाबतात. साधं पोलाद लवकर धार घेतं आणि टिकवतं, पण ओलं ठेवलं की रुसतं. वापरून झालं की पुसायचं आणि खोबरेल तेलाचं एक बोट फिरवायचं, एवढीच त्याची मागणी. आमच्या घरातल्या काही माणसांच्या मागण्या याहून जास्त आहेत.

राहता राहिला आकार. इथे मी कायदाही वाचला, कारण मध्यमवर्गीय माणूस चाकूपेक्षा पोलिसाला जास्त घाबरतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे जे नियम आहेत, त्यांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले सोडून. नऊ इंच म्हणजे वीत. कन्येनं तर चार बोटं पुरे म्हणून सांगितलं. "बाबा, तिथे आम्ही झाडं तोडत नाही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, भीमाशंकर अभयारण्यात आहे. फांदीला हात लावायचा नाही." परदेशी सिनेमातले वीर चाकूनं ओंडके फोडतात, झोपड्या बांधतात. सह्याद्रीतल्या चाकूच्या नशिबी मुख्यत: कांदा, बटाटा, काकडी, डाळ-तांदळाच्या पिशव्या, ओल्या दोरीची गाठ आणि चिकटपट्टी. ओंडका फोडणारा चाकू खिचडीला काय कामाचा? जाड पात्यानं कांदा चिरला जात नाही, फुटतो. पातं पातळ हवं, आणि प्रवासात म्यानासकट सॅकच्या आत राहील एवढंच हवं.

एवढा अभ्यास झाल्यावर मी एका रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेलो. पुण्यात मंगळवार पेठेजवळचा हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे काय मिळत नाही हे विचारावं. ग्रामोफोनचा कर्णा मिळतो, घड्याळाचा एकच काटा मिळतो, दुसऱ्याच्या आजोबांचा फोटो फ्रेमसकट मिळतो. एका पोत्यावर विळे, कोयते, सुऱ्या मांडून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. दिवा नाही, मखमल नाही. एक चार बोटं पात्याचा चाकू मी उचलला. शिसवी मूठ, तीन रिव्हेट आणि मुठीच्या कडेनं पोलादाची पट्टी शेवटपर्यंत.

"कशाचा आहे?"

"पाट्याचा हाय साहेब. मीच केलाय. नखावर वाजवून बघा."

मी नखानं वाजवला. टण् असा स्वच्छ आवाज आला. मुठीजवळ खडखड नाही. डोळ्यासमोर धरून पाठीवरून नजर टाकली, पातं सरळ. मूठ धरली, चारही बोटं बसली, आणि पात्याकडच्या टोकाला उंचवटा होता, म्हणजे ओल्या हातानं बोट पुढे घसरायचं नाही. खिशातल्या वर्तमानपत्राचं पान काढून कापून बघितलं. फाटलं.

"धार नाही याला."

"धार तुमची तुम्ही लावायची. दुकानातली धार आठ दिस. घरची धार जल्मभर."

हे वाक्य ऐकून मी घासाघीस करायचं विसरणार होतो. पण हिचा चेहरा आठवला आणि चारशे सांगितलेला चाकू दोनशे साठला घेतला. पुढे एका चांभाराकडून एकशे दहात चामड्याचं म्यान शिवून घेतलं. बोहरी आळीत जाऊन एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं बारीक असा निसणा एकशे चाळीसला घेतला. एकूण पाचशे दहा. नव्वद रुपये मी अर्थखात्याला परत केले. मंजूर रकमेतला पैसा परत येण्याची ही घटना इतकी अपूर्व होती, की हिनं आधी नोटा उजेडात धरून पाहिल्या.

संध्याकाळी बाल्कनीत मी कन्येला निसण्यासमोर बसवलं. मला ही विद्या आमच्या आजोबांनी शिकवली होती. ते दाढी घरी करायचे आणि वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजायचे. निसणा पाण्यात भिजवायचा. पातं आधी दगडावर काटकोनात उभं धरायचं, मग निम्मं कलवायचं, मग पुन्हा निम्मं. झाला बावीस अंशांचा कोन, कंपासपेटीशिवाय. तो कोन न मोडता दगडाची पातळ साय काढतोय अशा बेतानं पातं पुढे सारायचं. एका बाजूनं पुरेसं घासलं की दुसऱ्या कडेला अगदी बारीक खरखर लागते. ती पाहायची बोट आडवं फिरवून, धारेच्या लांबीवर कधीच नाही. मग दुसरी बाजू, मग बारीक दगड, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं दहा-वीस हात. सांगायला चार ओळी लागल्या, प्रत्यक्षात दीड तास लागला. कन्येचा कोन तिसऱ्या मिनिटाला ढळायचा आणि माझा धीर चौथ्या. पण शेवटी वर्तमानपत्राचं पान हवेत धरून तिनं पातं टेकवलं आणि अग्रलेख आवाज न होता दुभंगला.

"बोथट चाकू जास्त वाईट," मी तिला सांगितलं. "धार नसली की आपण जोर लावतो. जोर लावला की चाकू घसरतो. आणि घसरला की कुठे जाईल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं."

मी चाकू तिच्या हातात द्यायला गेलो तशी आतून आई ओरडली, "हातात देऊ नको रे! खाली ठेव, ती उचलेल. भांडणं होतात." मी खाली ठेवला. युरोपातही असंच आहे म्हणे. चाकू भेट दिला तर घेणाऱ्यानं एक नाणं द्यायचं, म्हणजे भेट न राहता विक्री होते आणि मैत्री कापली जात नाही. कन्येनं दोन्ही परंपरांचा मान राखला. चाकू जमिनीवरून उचलला आणि माझ्या हातावर एक रुपया ठेवला. अशा रीतीनं पाचशे दहाचा माल मी एक रुपयाला विकला.

पुढच्या मोहिमेहून ती परत आली. मी सहज विचारावं तसं विचारलं, "चाकू कसा काय?"

"मस्त. कांदा काय चिरला जातो!"

एवढंच. मी समाधानानं पेपर उघडला. आठ दिवसांनी एक फोन आला. तिच्या मंडळातल्या एका मुलाची आई बोलत होती. त्यांचा आवाज मध्येच थांबत होता. उतरताना ओढा ओलांडायचा होता, पाणी गुडघ्याएवढंच, पण ओढ होती. ओलांडण्याआधी सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा हा नियम. या मुलाचा राहिला. पाय घसरला, तो बसला, सॅक दगडात अडकली आणि ओढलेल्या पट्ट्याचं बक्कल काही केल्या सुटेना. पाणी वरून येत होतं. तुमच्या मुलीनं पट्टा कापला, त्या म्हणाल्या. एका ओढीत. पोरगं म्हणतं, कापल्याचं कळलंसुद्धा नाही.

मी फोन ठेवला आणि कन्येकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या वेळी सोडलं नसतं." यावर बापाकडे उत्तर नसतं. मी आत गेलो, तिच्या सॅकमधून चाकू काढला, पान कापून बघितलं. तिनं आधीच धार लावून, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवला होता. म्यान मात्र ओलं होतं. ते मी पंख्याखाली ठेवलं.

चाकू घ्यायला निघालेल्या कोणालाही मी आता एवढंच सांगतो. आधी काम ठरवा, मग आकार. पैसे पात्याला आणि मुठीला द्या, दिव्याला आणि मखमलीला देऊ नका. मिटणारा घेत असाल तर उघडल्यावर पातं जागच्या जागी पकडून ठेवणारा खटका किंवा कडी आहे ना, हे पाहा. आणि हातात जे काही पैसे असतील त्यातला एक हिस्सा निसण्यासाठी बाजूला काढा. महागातला चाकू घेऊन निसणा न घेणारा माणूस आणि पियानो घेऊन तो कपडे वाळत घालायला वापरणारा माणूस, यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. चाकू विकत मिळतो. धार मिळत नाही.

ही सगळी कीर्ती आमच्या सोसायटीत पोचायला वेळ लागला नाही. आता रविवारी सकाळी आमच्या बाल्कनीत सुऱ्यांची रांग असते. सुभेदार आपली जुनी खुकरी घेऊन येतात आणि कोन चुकला की सांगतात. आत्याची सुरी येते. हिनं पहिले दोन महिने विळी दिली नाही, परवा स्वत: आणून ठेवली आणि म्हणाली, "जपून. आईची आहे." मी पाट मांडून बसलो आणि कन्येला म्हटलं, ही तू लाव, तुझा हात हलका आहे. तेव्हा तुमच्याही घरी बोथट सुरी असेल तर अवश्य घेऊन या. फक्त येताना ती कागदात गुंडाळून आणा आणि वॉचमनला आधी कल्पना द्या. मागच्या रविवारी त्यानं आमच्याकडे येणाऱ्या सहा सज्जनांना फाटकाशी अडवून ठेवलं होतं.